काचोळीचे माप

ज्या विषयावर आज चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे, तो मासिकाच्या पानावर पाहून कित्येक वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे मी जाणून आहे. वर्षभरापूर्वी ती माझ्याही कपाळास पडली असती. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर मुलांना संस्कृत आणि अंकगणित शिकवून आता घरी बसलेला, साठी उलटलेला मनुष्य स्त्रियांच्या आतल्या वस्त्राविषयी लिहू लागला, तर 'मास्तर, आपले वय काय, विषय काय?' असे त्यास कोणी विचारणे मुळीच गैर नाही. परंतु एक साधे वजाबाकीचे गणित न सुटल्यामुळे आमच्या घरातील एका माउलीने कित्येक वर्षे खांदेदुखी सोसली. आणि ते न सुटण्याचे कारण एवढेच की, ते कोणी तोंडाने उच्चारलेच नव्हते. हे ध्यानी आल्यावर गप्प बसणे मला प्रशस्त वाटेना. यास्तव हा प्रपंच.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेस आखाजी म्हणतात, आणि तिचे महत्त्व दिवाळीहून रतिभरही कमी मानीत नाहीत. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि चुलीवर उलटे खापर घालून पुरणाचे मांडे होतात. मांडा करणे हे पोळी लाटण्याइतके सोपे काम नव्हे. पुरण भरलेला गोळा थोडासा लाटून तो दोन्ही हातांवर झेलीत झेलीत वाढवावा लागतो आणि मग अलगद खापरावर पसरावा लागतो. हे सारे काम खांद्यातून चालते. खांदा आखडला की मांडा फाटलाच म्हणून समजावे.

आमच्या थोरल्या वहिनी धुळ्यास राहतात. मांड्यांत त्यांचा हात धरणारे आमच्या गोतावळ्यात कोणी नाही. गतवर्षी आखाजीस त्या जळगावी आमच्याकडे आल्या आणि चुलीपुढे न बसता ओसरीवर येऊन मला म्हणाल्या, "भाऊजी, मांडे आता तुमच्या सुनेने करावेत. माझा हात वर जात नाही हो." चौकशी केली तेव्हा कळले की, दुखणे जुने आहे. तेल झाले, शेक झाला, क्ष-किरणांचे चित्र झाले, मानेस पट्टा झाला. मणक्यांची थोडी झीज निघाली. पण ती त्या वयात पुष्कळांस असते. वेदनाशामक गोळी घेतली म्हणजे चार दिवस बरे वाटे, आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

त्या रात्री धाकटी सून त्यांच्या खांद्यास तेल चोळावयास बसली. दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढ्या खोल, काळवंडलेल्या चरी तिला दिसल्या. छातीखालच्या घडीत घामाने कातडी सोलवटून निघालेली दिसली. हे मला सौभाग्यवतींनी, दिवा मालवल्यावर, सांगितले. चाळीस वर्षांच्या संसारात अशा विषयावर आम्ही उभयतांनी केलेले ते पहिलेच संभाषण होय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने माझ्यापुढे एक चिठोरी ठेविली. तीवर तीन ओळी होत्या : 'छातीखालचा घेर ३४ इंच. छातीचा घेर ४२ इंच. सध्या वापरात ४२ बी.' ती म्हणाली, "बाबा, मोबाईलवर तीन कोष्टके पाहिली आणि तीन निरनिराळी उत्तरे आली. तुम्ही जन्मभर कोष्टके पाठ करून घेतलीत. एवढी जुळवून द्या." माप कोणाचे हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी चष्मा पुसला आणि गणितास बसलो.

शब्द जुना, वस्तू नवी

प्रथम नावाचा विचार करू, कारण ज्या वस्तूस घरात नाव नसते तिच्याविषयी बोलणे होत नाही. इंग्रजीत ब्रेसियर व संक्षेपाने ब्रा म्हणून जी ओळखली जाते, जिला आमच्या आयाबहिणी कुजबुजत 'बॉडी' म्हणत, तिला मराठीत काचोळी हा चांगला शब्द आहे. शब्दाचे गोत मोठे आहे. अमरकोशात चोल आणि कूर्पासक हे शब्द शेजारी शेजारी बसविलेले आहेत. चोलावरून आपली चोळी, आणि आमच्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होत असल्यामुळे तिचीच चोयी. कंचुक हा दुसरा शब्द. त्याचा अर्थ चोळी असा होतो, चिलखत असा होतो, आणि सापाची कात असाही होतो. साप अंगास न बसणारी कात टाकून मोकळा होतो, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या आजीच्या अंगात खणाची चोळी असे. गुळेदगुड्डचे खण महाराष्ट्रात घरोघर येत. ती चोळी मापावर बेतलेली असून तिची गाठ पुढे, वक्षःस्थळाच्या खाली मारीत. गाठ किती ताणावी हे नेसणारी स्वतः ठरवी. अंग वाढले की गाठ सैल, उतरले की घट्ट. म्हणजे पहा, भार पेलण्याचे काम छातीखालच्या गाठीकडे होते, आणि माप ज्याचे त्याच्या हाती होते. पुढे तयार काचोळी बाजारात आली, गाठीच्या जागी पाठीमागे हूक आले, आणि माप एका आकड्यात व एका अक्षरात जाऊन बसले. तो आकडा कशाचा व ते अक्षर कशाचे, हे मात्र कोणी शिकविले नाही.

दोन घेर, एक वजाबाकी

सारा घोटाळा येथे आहे. शिंपी जेव्हा ब्लाऊजचे माप ४२ म्हणतो, तेव्हा तो छातीचा सर्वांत भरलेल्या भागावरील घेर सांगत असतो. काचोळीवर छापलेला आकडा मात्र छातीखालच्या घेराचा, म्हणजे बरगड्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्याचा असतो. वहिनींचे ब्लाऊज ४२चे, म्हणून त्यांनी काचोळीही ४२चीच मागितली, दुकानदाराने ती दिली, आणि हा क्रम वीस वर्षे चालला. ज्या बरगड्यांचा घेर ३४ इंच, तीभोवती ४२चा पट्टा! शाळकरी मुलास आजोबांची धोतरजोडी नेसवावी, त्यातलाच हा प्रकार.

पुढचे अक्षर हे दोन घेरांमधील फरकाचे नाव आहे. फरक एक इंच असल्यास ए, दोन इंच असल्यास बी, तीन असल्यास सी, चार असल्यास डी, पाच असल्यास डीडी. येथवर इंग्लंड-अमेरिकेची कोष्टके बहुधा जुळतात. यापुढे इंग्रजी पद्धतीत सहास ई, सातास एफ, आठास एफएफ, नवास जी अशी चढण आहे. अमेरिकन पद्धतीत सहास डीडीडी म्हणतात व पुढची अक्षरे निराळी पडतात. सबब डीडीच्या पुढे गेल्यावर कोष्टक कोणत्या देशाच्या रीतीचे आहे, ते पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. युरोपखंडातील माल सेंटिमीटरवर चालतो. तेथला ७५ म्हणजे आपल्याकडील ३४.

आता तीन कोष्टकांची तीन उत्तरे कशी आली ते पहा. पहिले सांगते, छातीखालच्या घेरात ४ मिळवा : ३४ आणि ४ मिळून ३८, ४२तून ३८ गेले, उरले ४, उत्तर ३८ डी. दुसरे सांगते, ५ मिळवा : ३९ आले, विषम संख्या नसते म्हणून ४०, ४२तून ४० गेले, उरले २, उत्तर ४० बी. तिसरे सांगते, काहीही मिळवू नका : ३४, ४२तून ३४ गेले, उरले ८, उत्तर ३४ एफएफ. एकाच देहाची ही तीन उत्तरे! त्यांतली दोन तरी चुकीची असली पाहिजेत, हे सांगण्यास गणिताचा मास्तर नको.

हे ४-५ इंच आले कोठून? अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब नामक तरुणीने दोन हातरुमाल व रेशमी फीत यांची काचोळी करून १९१४ साली तिचे पेटंट मिळविले. त्यापूर्वी तिकडील स्त्रिया कॉर्सेटच्या कडक कांबींत स्वतःस आवळून घेत. ए, बी, सी, डी ही अक्षरे १९३०नंतरच्या दशकात रूढ झाली. त्या काळचे कापड ताणले जात नसे. श्वास घ्यावयास, वाकावयास जागा हवी, म्हणून घेरात काही इंच मिळविण्याची रीत सोयीची होती. पुढे १९५८ साली अमेरिकेतच स्पँडेक्स हा रबरासारखा ताणणारा धागा शोधून काढण्यात आला आणि पट्टा स्वतःच ताणला जाऊ लागला. कारण गेले, पण रीत राहिली. मांजर मेले तरी श्राद्धाच्या दिवशी टोपली झाकून ठेवणाऱ्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती येथेही लागू पडते.

आणखी एक गोष्ट, जी मलाही प्रथम समजली नाही. डी म्हणजे मोठी वाटी आणि बी म्हणजे लहान वाटी, असे स्वतंत्रपणे म्हणताच येत नाही. अक्षर आकड्याशी बांधलेले आहे. ३२ डीची वाटी ३८ डीच्या वाटीहून पुष्कळ लहान असते. पट्टा एका मापाने वाढला व अक्षर एकाने उतरले, तर वाटी तेवढीच राहते. या मापांना बहिणी-बहिणी म्हणतात. त्या हिशेबाने ४२ बी, ४० सी, ३८ डी, ३६ डीडी आणि ३४ ई या सर्वांची वाटी एकच. म्हणजे वहिनींचा पट्टा आठ इंचांनी मोठा, आणि वाटी मात्र ई, एफ, एफएफ अशी दोन पायऱ्यांनी लहान! वस्त्र एकाच वेळी सैल आणि घट्ट असू शकते, हे त्या दिवशी मला उमगले.

चिठोरीखाली मी '३४ एफएफ, नाहीतर तिची बहीण ३६ एफ' असे लिहून दिले. वहिनींनी ते वाचले आणि त्या दचकल्या. "इतक्या पुढचे अक्षर? लोक काय म्हणतील!" मी म्हणालो, "वहिनी, ही वजाबाकीची बाकी आहे. हिच्यात चांगले-वाईट काही नसते."

भार कोणावर?

स्तनांत स्नायू नसतात. त्वचा आणि आतील बारीक तंतुमय बंध यांच्याच आधारावर ते असतात. ॲस्टली कूपर या इंग्रज शस्त्रवैद्याच्या नावाने ते बंध ओळखले जातात. भरदार बांध्याच्या स्त्रीस दोहोंचे मिळून किलोभराहून अधिक वजन दिवसभर वागवावे लागते. हे वजन पेलावयाचे कोणी? खांद्यांवरच्या पट्ट्यांनी, असे आपण समजतो, आणि तेच चूक आहे. वजन पेलावयाचे ते बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याने. खांदपट्टे केवळ वाटी जागेवर राहावी एवढ्यापुरते. भरलेली घागर बाई कडेवर घेऊन गावभर चालते. तीच घागर सुतळीने खांद्यास टांगली, तर दहा पावलांत सुतळी मांसात रुतेल. पट्टा सैल असला की तो पाठीवर वर सरकतो, पुढचा भाग खाली येतो, मग बाई खांदपट्टे आवळते, ते आवळले की पट्टा आणखी वर जातो. या चक्रात खांद्याला चरी पडतात, मान पुढे येते, पाठ धरते.

ही केवळ आमच्या घरची कथा नव्हे. ऑस्ट्रेलियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तीस तरुणींची मापे तपासली, तेव्हा शेकडा ८० जणी चुकीच्या मापाची काचोळी वापरीत होत्या असे आढळले; त्यांपैकी बहुतेकींची फार लहान होती. जेथे दुकानात माप घेणाऱ्या स्त्रिया असतात त्या देशाची ही स्थिती, तर आपली काय वर्णावी?

माप कसे घ्यावे

खोलीचे दार लावून घ्यावे. मापाची टेप कापडी घ्यावी. जुनी ताणलेली असल्यास पट्टीशी ताडून पाहावी. मदतीस मुलगी, बहीण किंवा जाऊ असल्यास उत्तम, कारण पाठीवर टेप खाली-वर गेलेली एकटीला कळत नाही. एकटीस घ्यावयाचे तर आरशापुढे उभे राहावे. पहिले माप वक्षःस्थळाच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप अंगासरशी घट्ट पण न रुतणारी अशी जमिनीस समांतर धरून घ्यावे. आकडा विषम आला, उदाहरणार्थ ३३, तर ३२ व ३४ दोन्ही घालून पाहावीत.

दुसरे माप सर्वांत भरलेल्या भागावर घ्यावे. उभ्याने एकदा घ्यावे, आणि कमरेत वाकून, पाठ आडवी करून पुन्हा एकदा घ्यावे. दोहोंत अंतर आल्यास मधला आकडा धरावा. भरदार बांध्यास, विशेषतः बाळंतपणांनंतर वा उतारवयात, उभ्याने घेतलेले माप कमी भरते, आणि फसगत येथेच होते. या मापाच्या वेळी टेप आवळू नये.

ही झाली पूर्वतयारी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण काचोळीची परीक्षा अंगात घातल्यावाचून होत नाही. ती घालताना किंचित पुढे वाकावे, बगलेकडे गेलेला भाग हाताने वाटीत घ्यावा, मग हूक लावावा. नवी असताना सर्वांत सैल हुकावर ती नीट बसली पाहिजे. पुढे धुण्याने पट्टा ताणला म्हणजे आतले हूक कामी येतात. नंतर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पट्टा पाठीमागे व पुढे एकाच पातळीत आहे ना? खाली दोन बोटे जातील, मूठ जाणार नाही, असा हवा. खांदपट्टे क्षणभर उतरवून पाहावेत. पट्टा खरा असेल तर सारे जवळजवळ जागेवर राहते. दोन वाट्यांमधला जोड छातीच्या हाडास टेकला पाहिजे. तो अधांतरी राहिला तर वाटी लहान आहे. वरून किंवा बगलेतून मांस बाहेर डोकावत असेल तरी वाटी लहान. कापडास चुण्या पडत असतील तर मोठी, किंवा आकाराने न जुळणारी. तार असल्यास ती मऊ भागावर कोठेही चढता कामा नये. शेवटी दोन्ही हात वर करून, मांडा झेलावा तसे फिरवून पाहावेत. काचोळी हातांबरोबर वर चढली, तर पट्टा सैल आहे.

भरदार अंगास रुंद खांदपट्टे, मागे तीन हूक, आणि पूर्ण झाकणारी, दोन-तीन तुकडे जोडून शिवलेली वाटी बहुधा सोयीची पडते. एका तुकड्याची, साच्यात दाबून काढलेली, आत जाड स्पंज भरलेली वाटी आधार देते असा पुष्कळांचा समज आहे. परंतु आधार येतो तो कापडाच्या जोडणीमुळे. आमच्या परिचयातील एका शिवणकाम करणाऱ्या बाईंस हे सांगावे लागले नाही. "मास्तर, कटोरी ब्लाऊजला आम्ही हेच करतो," त्या म्हणाल्या, "एकसंध कापडाला गोलाई येत नाही, तुकडे जोडूनच येते."

बाजारातली दोन मिनिटे

जळगावच्या फुले मार्केटात काय किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर काय, साडी घ्यावयास गेलेल्या बायका दोन तास बसतात. पंचवीस साड्या उलगडल्या जातात, पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिले जाते, चहासुद्धा येतो. वास्तविक साडीस मापच नसते. ती कोणासही होते. ज्या वस्त्रास इंचाइंचाचे माप लागते, त्याची खरेदी मात्र दोन मिनिटांत, मान खाली घालून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून होते. सून वहिनींना घेऊन एका दुकानी गेली, तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी वर न पाहताच "चाळीस की बेचाळीस?" असे विचारले. ३६ एफ म्हणताच ते म्हणाले, "बाई, असे माप नसते." माप असते, त्यांच्या फळीवर नसते, एवढाच त्याचा अर्थ. त्यांचाही दोष सारा नव्हे. कोणी मागत नाही म्हणून ते ठेवीत नाहीत, आणि ते ठेवीत नाहीत म्हणून कोणी मागत नाही.

शेवटी मोबाईलवरून ३४ एफएफ, ३६ एफ आणि ३६ एफएफ अशा तीन मागविल्या. परत घेण्याची अट आधी वाचून घ्यावी आणि चिठ्ठी न काढता घालून पाहावी, हे येथे सांगून ठेवितो. काही विक्रेते आरोग्याच्या कारणाने आतले कपडे परत घेत नाहीत. वहिनींना ३४चा पट्टा बरगड्यांस किंचित काचला. ३६ एफ अंगास बसली. उरलेल्या दोन परत गेल्या. कोष्टकाने वाट दाखविली, निर्णय अंगाने दिला, आणि तेच योग्य होय. वाटी बरोबर पण पट्टा थोडा घट्ट असल्यास मागे लावण्याची हुकांची जोडपट्टी मिळते. पट्टा लांब असल्यास हुशार शिवणारी बाई तो आखूड करून देते.

ऊन, घाम आणि दोरी

वैशाखात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे खानदेशाबाहेरील वाचकांनाही वर्तमानपत्रांतून ठाऊक असेल. अशा उन्हात छातीखालच्या घडीत घाम साचतो, कातडी कातडीस घासते, आणि त्या ओलाव्यात बुरशी धरते. खाज, लाली व दर्प ही त्याची लक्षणे. नीट बसणारी काचोळी भार उचलून धरीत असल्यामुळे तेथे वारा लागतो. सैल पट्ट्याची तो लागू देत नाही. अंगास लागणारे अस्तर सुती असावे; कापसाच्या मुलखात राहून नायलॉनमध्ये घामाघूम होण्याचे कारण नाही. घामेजलेली काचोळी रोज बदलावी, हाताने साध्या साबणात धुवावी, पिळा घालू नये, आणि मोकळ्या वाऱ्यावर पण सावलीत वाळवावी, कारण कडक उन्हाने ताणणारा धागा मरतो. पट्टा शेवटच्या हुकावरही सैल पडू लागला की काचोळीचे आयुष्य संपले असे समजावे.

मोकळ्या वाऱ्यावर, असे लिहिले खरे. पण लिहिताना माझी मलाच लाज वाटली. धुळ्याच्या आमच्या वाड्यात आईची ही वस्त्रे न्हाणीघरातील खुंटीवर, ओल्या लुगड्याच्या खाली वाळत. वाळत कसली, पावसाळाभर दमटच राहत. तिला चातुर्मासात खरजेचा त्रास होई, आणि घरात त्याला 'उष्णता' म्हणत. माझे लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी सौभाग्यवतीने अंगणातील दोरीवर आपली काचोळी वाळत घातली. पाहुणे यावयाचे होते. मी तिला ती काढावयास सांगितले. तिने एक शब्द न बोलता काढली, आणि त्यानंतर चाळीस वर्षे ती कोठे वाळते हे मी पाहिले नाही. भाऊबीजेस बहिणीला साडीचोळी देताना आपण चार लोकांत मिरवितो; आतल्या चोळीस मात्र उजेडही दिसू देत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७पासून १९५३पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून शरीराविषयी उघडपणे लिहिले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांचे नाव मी वर्गात आदराने घेत असे. घरातल्या दोरीपर्यंत ते पोहोचले नव्हते.

काही शंका

काचोळीने, विशेषतः तारेच्या, कर्करोग होतो अशी एक वदंता मोबाईलवरून फिरत असते. अमेरिकेत सिएटल येथील संशोधकांनी सुमारे दीड हजार स्त्रियांची पाहणी करून २०१४ साली प्रसिद्ध केली. तीत असा काही संबंध आढळला नाही. मात्र गाठ लागणे, कातडी ओढली जाणे, बोंडातून रक्त वा पाणी येणे, यांपैकी काही दिसल्यास काचोळीचा विचार बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे. गरोदरपणात व अंगावर पाजण्याच्या दिवसांत माप वारंवार बदलते. त्या काळी घट्ट पट्टा किंवा रुतणारी तार दूध तुंबण्यास कारण होऊ शकते, म्हणून माप पुन्हा घ्यावे. वजन वाढले-घटले, पाळी गेली, तरीही पुन्हा घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलींचे माप आईने दर सहा महिन्यांनी पाहावे आणि तो आकडा तिला स्वतःला ठाऊक असू द्यावा. आणि माप बरोबर असूनही खांदे-पाठ दुखतच राहिली, तर त्यास इतर कारणे असतात. तीही डॉक्टरांनीच शोधावयाची.

वहिनींच्या बाबतीत सारे श्रेय काचोळीसच आहे असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी खांद्याचे व्यायाम सांगितले होते, ते आता त्यांना करवू लागले, हाही गुण असेल. पण महिन्याभरात घडीतली कातडी बरी झाली, श्रावणापर्यंत गोळ्या सुटल्या. चरी अद्याप आहेत. त्या पुसट होतील, पण जातील असे वाटत नाही.

यंदाच्या आखाजीस त्या पुन्हा जळगावी आल्या. पहाटे चूल पेटली, खापर चढले, आणि त्यांनी पदर खोचून सुनेला "तू पुरण वाट, हात मी लावते," असे सांगितले. सात मांडे त्यांनी केले, आठवा फाटला. "झाले आता, वय झाले," म्हणून हसून उठल्या. मी त्या वेळी परसात होतो. घरात दोरी एकच होती. मी बाजारातून दुसरी आणून, जेथे दुपारी भिंतीची सावली पडते आणि वारा चांगला लागतो अशा जागी, दोन खिळे ठोकून बांधली. सौभाग्यवतीने विचारले, "अहो, ही कशाला?" मी म्हणालो, "आहे ती पुरत नाही."

प्रत्येक घरात शिवणाच्या डब्यात एक टेप असतेच. घरधन्यांनी एवढेच करावे की, ती कशासाठी काढली असे विचारू नये.